स्कूबाच्या व्हिडिओसाठी आय५-१२४०० की रायझेन ५ ५६००जी?

प्रश्न थोडक्यात असा: मालवणला किनाऱ्यावर स्कूबाचं काउंटर आहे. पाण्याखालचं शूटिंग गोप्रो कॅमेऱ्यावर होतं, ४के, सेकंदाला ६० फ्रेम, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत). पर्यटकाला तासाभरात तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ फोनवर द्यायचा असतो, कारण संध्याकाळी त्याला कुडाळला गाडी पकडायची असते. वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं नाही. दुकानदार म्हणतो, इंटेलचा आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझेन ५ ५६००जी, दोन्हींना सहा कोअर (काम करणारे गाभे), बारा थ्रेड (एका वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा), दोन्ही ४.४ गिगाहर्ट्झचे, म्हणजे सारखेच. स्वस्त पडेल तो घ्या. नेटवर एक साइट एकाला वर दाखवते, दुसरी दुसऱ्याला. मग तुलना करायची कशी?

तुमच्या कामासाठी आय५-१२४०० घ्या, पण नावामागे ‘एफ’ नसलेला (‘एफ’वाल्यात ग्राफिक्स नसतं). मात्र कार्ड रीडर आणि रॅम चुकीची घेतलीत तर या निवडीचा फायदा पार धुऊन जाईल, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी त्या ४.४ गिगाहर्ट्झबद्दल. पेटीवर ‘देवगड’ छापलं म्हणून आतला आंबा देवगडचाच असतो असं नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके. एका ठोक्यात काम किती उरकतं हे त्यात येत नाही. १२४०० हा जानेवारी २०२२ चा, इंटेलच्या बाराव्या पिढीतला, म्हणजे ‘अल्डर लेक’. त्याचा कोअर एका ठोक्यात सहा सूचना उलगडायला घेऊ शकतो, ५६००जी मधला झेन ३ या रचनेचा कोअर चार. प्रत्येक कोअरची स्वतःची एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) पहिल्यात १.२५ एमबी, दुसऱ्यात ०.५ एमबी. सामाईक एल३ कॅश १८ एमबी विरुद्ध १६ एमबी. म्हणून सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका कोअरचा आकडा १२४०० चा १,७०० च्या आसपास येतो आणि ५६००जी चा १,५०० च्या आसपास. सगळे कोअर लावले तर १२,००० च्या थोडं वर आणि ११,००० च्या आसपास. म्हणजे दहा-पंधरा टक्क्यांचा फरक. आहे, पण डोळे दिपावेत असा नाही.

जाता जाता एक गफलत टाळा. रायझेन ५ ५६०० आणि ५६००जी ही एकच वस्तू नव्हे. साध्या ५६०० ला एल३ कॅश ३२ एमबी आहे, पण आत ग्राफिक्स नाही. ‘जी’मध्ये ग्राफिक्स बसवायला कॅश निम्मी झाली आणि पीसीआय एक्स्प्रेस, म्हणजे एसएसडी आणि कार्ड जोडणारा रस्ता, ४.० चा ३.० झाला. नेटवर ‘५६०० विरुद्ध १२४००’ असं शोधून आलेले आलेख ५६००जी ला लावू नका. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

दुसरा गोंधळ सरासरीचा. लोकांनी घरून पाठवलेल्या निकालांची सरासरी काढणाऱ्या साइटवर कुणाची रॅम एक काडी, कुणाची दोन, कुणाचा कूलर धुळीने बुजलेला, कुणी मागे ब्राउझरचे चाळीस टॅब उघडे ठेवलेले, असं सगळं एकाच पातेल्यात शिजतं. त्यातून ‘हा ७ टक्के वेगवान’ असा आकडा निघतो तो चूक नसतो, तुमचा नसतो एवढंच.

आता तुमच्या कामाकडे बघू. व्हिडिओ देण्याचं काम सलग एकच वाटतं, पण त्याचे तुकडे आहेत: कार्डवरून कॉपी, क्लिप उलगडणं (दाबलेल्या फाइलमधून चित्र पुन्हा काढणं), रंग सुधारणं आणि हलणं स्थिर करणं, पुन्हा दाबून फाइल बनवणं, शेवटी फोनवर किंवा पेन ड्राइव्हवर टाकणं. प्रत्येक तुकड्याला वेगळा भाग राबतो, आणि प्रोसेसरच्या आकड्यांचा संबंध यातल्या दोन-तीन तुकड्यांपुरताच.

कॉपीपासून धरू. सेकंदाला १०० मेगाबिटने चाललेलं दहा मिनिटांचं शूटिंग म्हणजे साडेसात जीबी. जुन्या यूएसबी २.० रीडरमधून सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास वेग मिळतो, म्हणजे साडेतीन मिनिटं. चांगलं कार्ड यूएसबी ३ च्या रीडरमध्ये घातलं आणि ९० एमबी मिळाले, तर दीड मिनिटाच्या आत. दोन मिनिटं वाचली, तीही काही शे रुपयांत. दोन प्रोसेसरांमधल्या फरकातून एका व्हिडिओमागे एवढी बचत होणं कठीण. रीडर कॅबिनेटच्या निळ्या पोर्टलाच लावा. पुढच्या पोर्टची आतली वायर मदरबोर्डवर यूएसबी २ च्या पिनांना जोडलेली निघते असंही होतं.

मग उलगडणं. एच.२६५ उलगडायला दोन्ही प्रोसेसरांच्या ग्राफिक्समध्ये स्वतंत्र यंत्रणा आहे. इंटेलची क्विक सिंक, एएमडीची व्हीसीएन. गोप्रोच्या क्लिप दोन्हीकडे उलगडतात, रंग ८ बिटचे असोत की १०. फरक पडतो तो तुमचा एडिटर, म्हणजे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, त्या यंत्रणेला हाक मारतो की नाही यात. अशा सॉफ्टवेअरमध्ये क्विक सिंकचा आधार जुना आणि रुळलेला आहे. अडोबीचा प्रीमियर हा एडिटर वापरत असाल तर प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअरने एच.२६४ आणि एच.२६५ उलगडण्याची खूण आहे की नाही ते बघा. ती नसेल तर सगळा बोजा कोअरवर पडतो, टाइमलाइन अडखळते आणि माणूस प्रोसेसरला शिव्या घालतो. तपासायला सोपं: विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या, पानावर ‘व्हिडिओ डिकोड’चा आलेख असतो. क्लिप चालू असताना तो सपाट पडून असेल तर यंत्रणा झोपलेली आहे.

रंगाचं काम मात्र उलट बाजूचं. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळतं, म्हणून सगळं निळं-हिरवं दिसतं आणि तुम्हाला लाल परत भरावा लागतो. हे काम ग्राफिक्सचं, आणि इथे ५६००जी चं वेगा ग्राफिक्स १२४०० च्या यूएचडी ७३० पेक्षा स्पष्ट बलवान आहे. गेममध्ये तर साधारण दुप्पट. पण ते पोसायला रॅमचा वेग लागतो. हिशेब करा: ४के ची एक फ्रेम म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेल, ६० फ्रेमचे सेकंदाला ५० कोटी. रंगाचं गणित एडिटर एका पिक्सेलला १६ बाइट घेऊन करत असेल तर नुसतं एकदा वाचायला सेकंदाला ८ जीबी, लिहायला तेवढेच. दोन-तीन इफेक्ट चढवले की २५ जीबी ओलांडलेच. आणि डीडीआर४-३२०० ची एकच काडी लावली तर कागदावरचा कमाल वेगच २५.६ जीबी, दोन काड्या लावल्या तर ५१.२. म्हणून १६ जीबीची एक काडी ‘पुढे दुसरी घालू’ म्हणून घेणं ही अंगभूत ग्राफिक्सवाल्या मशीनवरची सगळ्यात महाग काटकसर. ८ च्या दोन घ्या, जमलं तर १६ च्या दोन, कारण ग्राफिक्स स्वतःसाठीही याच रॅममधून वाटा उचलतं.

मग ग्राफिक्स बलवान असून ५६००जी का नाही? शेवटच्या दाबण्यामुळे. एच.२६४ मध्ये फाइल बनवताना एएमडीच्या या पिढीची यंत्रणा बी-फ्रेम वापरत नाही. मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही फ्रेमवरून अंदाज बांधून जागा वाचवणारी ती फ्रेम. क्विक सिंक ती वापरते. रस्त्यावरच्या स्थिर चित्रात हे कळणारही नाही. पण तुमचं चित्र म्हणजे बुडबुडे, तरंगणारा गाळ, हलणारा उजेड, माशांचा थवा; दाबायला यापेक्षा वाईट चित्र शोधून सापडणार नाही. फोनवर पाठवायचं म्हणून बिटरेट (व्हिडिओच्या एका सेकंदाला वापरलेला डेटा) कमी ठेवला की बुडबुड्यांच्या जागी चौकोन दिसू लागतात. ते झाकायला बिटरेट वाढवला तर फाइल फुगते. सॉफ्टवेअरने, म्हणजे एक्स२६४ ने दाबलं तर दोन्हीकडे दर्जा उत्तम, पण वेळ जास्त, आणि तिथेही १२४०० थोडा पुढे. हे सगळं धरून कौल त्याच्याकडे.

तुमच्या व्हिडिओत स्थिर करण्याचं आणि रंगाचं काम फार जड असेल तर पारडं ५६००जी कडे झुकू शकतं. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी स्वतःच्या क्लिपवर घेतलेली चाचणी हवी. अशी करा.

नेहमीच्या कामातली एक क्लिप निवडा, साधारण चार मिनिटांची, बुडबुडे भरपूर असलेली. तीच फाइल, तोच एडिटर, तीच आवृत्ती, तोच एक्स्पोर्ट प्रीसेट दोन्ही मशीनवर. रॅम दोन्हीकडे ३२०० च्या दोन काड्या, आणि ती खरंच ३२०० वर चालते आहे हे टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर बघून. बायोसमधलं (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या सॉफ्टवेअरमधलं) रॅमचं प्रोफाइल चालू नसेल तर ३२०० लिहिलेली काडीही २४०० किंवा २६६६ वर रांगत असू शकते. एसएसडी सारख्याच प्रतीचा. ग्राफिक्स आणि चिपसेटचे ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून टाकलेले, विंडोजने आपणहून घातलेले नकोत. विंडोजचे अपडेट संपलेले, अँटीव्हायरसची झडती संपलेली. नव्या मशीनवर पहिला अर्धा तास विंडोज मागे काहीबाही करत असतं, तेव्हाची मोजणी फुकट.

आता तीन फेऱ्या वेगवेगळ्या घ्या. पहिली: नुसती क्लिप कापून १०८०पी मध्ये एक्स्पोर्ट. दुसरी: त्यावर रंग. तिसरी: रंग आणि स्थिर करणं. प्रत्येक फेरी पाचदा. पहिला आकडा सोडून द्या, कारण तेव्हा फाइल एसएसडीवरून येते आणि पुढे रॅममधून. उरलेल्या चारांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा बाजूला काढून मधल्या दोघांची सरासरी धरा. पहिल्या फेरीत एक पुढे आणि तिसरीत दुसरा पुढे आला तर दचकू नका. उलगडणं-दाबणं एकाचं चांगलं आणि ग्राफिक्स दुसऱ्याचं, हेच त्यातून दिसतं. तुमच्या दिवसभराच्या वीस-पंचवीस व्हिडिओंपैकी किती पहिल्या प्रकारचे आणि किती तिसऱ्या, त्या प्रमाणात मिनिटं गुणून दिवसाची बेरीज करा. निर्णय त्या बेरजेवर. टक्क्यांच्या भानगडीत पडू नका: दहा मिनिटांचं काम आठ मिनिटांत झालं तर एक जण म्हणेल वेळ २० टक्के वाचला, दुसरा म्हणेल वेग २५ टक्के वाढला, आणि दोघंही बरोबर असतील.

वेळेसोबत फाइलचा आकार आणि चित्रही बघा. एकाने तीन मिनिटांत १५० एमबी आणि दुसऱ्याने चार मिनिटांत ९० एमबी दिले, तर पहिला जिंकला असं कसं म्हणणार? दोन्ही फाइल फोनवर शेजारी लावा आणि बुडबुड्यांचा भाग थांबवून पाहा.

आता उष्णता. ही कोकणात दुर्लक्षून चालत नाही. दुकानदाराच्या एसी शोरूममध्ये २४ अंशांत घेतलेला आकडा आणि तुमच्या पत्र्याखालच्या काउंटरवर ३४ अंशांत घेतलेला आकडा यांची तुलना होत नाही. खोली एक अंशाने तापली की प्रोसेसरही साधारण एक अंशाने वर जातो. म्हणून तापमान लिहिताना शेजारी खोलीचं तापमान लिहा आणि वजाबाकी करून ठेवा. १२४०० ची हद्द १०० अंश, ५६००जी ची ९५. तिथे पोचला की तो स्वतःचा वेग कापतो, आवाज न करता.

हे पाहायला एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावा आणि सिनेबेंच आर२३ ची दहा मिनिटांची चाचणी चालवा. तापमान, वॉट आणि ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ (प्रत्यक्षात मिळणारा वेग) या तीन ओळींवर लक्ष ठेवा. १२४०० च्या बाबतीत एक खोच आहे: त्याचे ६५ वॉट ही कायमची मर्यादा आणि ११७ वॉट ही थोड्या वेळाची परवानगी, इंटेलच्या हिशेबाने ती २८ सेकंदांची. काही बोर्ड ही मर्यादा पाळतात, काही सर्रास उघडी ठेवतात. त्यामुळे तोच प्रोसेसर दोन बोर्डांवर वेगळे आकडे देतो. सगळे कोअर राबताना तो ४.० गिगाहर्ट्झवर चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला त्याच्या बराच खाली घसरला आणि तापमान मात्र ७० च्या घरात असेल, तर दोष गरमीचा नाही, बोर्डच्या वॉटमर्यादेचा. तापमान ९५ च्या पुढे असेल तर कूलर बघा. ५६००जी ६५ वॉटचा म्हणवतो पण ८८ वॉटपर्यंत ओढतो, आणि त्याच्यासोबतचा कूलर बुटका आहे; मे महिन्यात बंद कॅबिनेटमध्ये त्याला धाप लागते.

इंटेलचा सोबतचा कूलर चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो. तिरप्या रेषेत समोरासमोर येणाऱ्या दोन एका वेळी दाबा, ‘टक’ आवाज येईपर्यंत, आणि बोर्ड उलटा करून चारही टोकं बाहेर आली का ते बघा. एक खुंटी अर्धी राहिली तरी तापमान बरंच चढतं. एएमडीच्या एएम४ सॉकेटची (बोर्डवर प्रोसेसर बसतो त्या जागेची) भीती वेगळी: पिना प्रोसेसरला असतात आणि प्रोसेसर-कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट सुकली की कूलर सरळ वर ओढताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. उघडण्याआधी दहा मिनिटं मशीन तापवा, बंद करून प्लग काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा.

वीज. इथली वीज कधी खाली, कधी वर, पावसाच्या तोंडावर तर लपंडावच. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो घ्या आणि रेंडर (व्हिडिओची अंतिम फाइल बनणं) चालू असताना भिंतीवरचे वॉट लिहा. मग वॉट × वेळ असा हिशेब: समजा एक मशीन ११० वॉट घेऊन १२ मिनिटं लावतं, म्हणजे २२ वॉट-अवर, दुसरं १२५ वॉट घेऊन १० मिनिटं, म्हणजे २१. जास्त वॉट ओढणारं मशीन प्रत्यक्षात कमी वीज खातं. ६०० व्हीए च्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर, हाती साधारण निम्मे. मॉनिटरसकट १२० वॉटच्या मशीनला नवी असताना वीसेक मिनिटं. एक रेंडर पूर्ण करून बंद करायला पुरे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. साध्या मोडवर वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, झेपत नाही आणि मशीन रीस्टार्ट होतं. एसएमपीएस ४५० वॉटचा, ‘८० प्लस’ हा वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का असलेला घ्या. प्रोसेसरवर हजार रुपये कमी करावे लागले तरी चालेल, इथे नाही.

बोर्डबद्दल थोडक्यात. १२४०० सोबत स्वस्तातला एच६१० बोर्ड घेतलात तर त्यावर रॅमच्या दोनच जागा असतात आणि एम.२ एसएसडी पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरच चालतो, म्हणजे एसएसडीच्या बाबतीत ५६००जी शी बरोबरी. तुमच्या कामाला ते पुरतं, महागडा ४.० चा एसएसडी त्यावर लावू नका इतकंच. ‘एफ’ची आठवण पुन्हा: १२४००एफ मध्ये ग्राफिक्स नाही, म्हणजे क्विक सिंकही नाही, आणि मॉनिटर बोर्डला लावला तर काळा पडदा. बिलावर मॉडेल पूर्ण लिहून घ्या. जुना एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच हाताशी असेल तर सगळा हिशेब फिरतो. तेव्हा ५६००जी घ्या, फक्त बायोस आधी नवा करून. आणि १२४०० च्या जागी कुणी तेराव्या-चौदाव्या पिढीतला सेकंडहँड आय७ किंवा आय९ देऊ केला, तर जपून: त्या पिढ्यांतल्या व्होल्टेजच्या दोषावर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडची (बायोसमधून येणाऱ्या, प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आहे. जुन्या बायोसवर वर्षभर राबलेला प्रोसेसर घेण्यात अर्थ नाही. बारावी पिढी त्या यादीत नाही.

काउंटरवरच्या टॅलीच्या कामात दोघांतला फरक तुम्हाला जाणवणार नाही. एसएसडी असला की झालं.

पैसे टाकण्याआधी एक फुकटचा प्रयोग करून बघा. फोनवर जाणारा व्हिडिओ शेवटी १०८०पी, ३० फ्रेमचा असेल आणि स्लो मोशन देत नसाल, तर कॅमेरा ४के ६० ऐवजी ४के ३० वर लावा. उलगडायच्या फ्रेम निम्म्या झाल्या. कुठल्याही दोन प्रोसेसरांतला फरक यापुढे फिका.

राहिली खारी हवा. किनाऱ्यावरच्या मशीनमध्ये कूलरच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरते, पंख्याचं बेअरिंग कुरकुरतं, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर येतो आणि मशीन सुरू होताना नुसतं बीप करतं. पट्ट्या खोडरबरने घासू नका, मुलामा जातो. ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने मऊ कापडावर पुसा. दर सीझनच्या सुरुवातीला पंखा आणि पेस्ट बघा आणि तीच चार मिनिटांची क्लिप पुन्हा रेंडर करा. गेल्या ऑक्टोबरात सहा मिनिटं लागली होती आणि या ऑक्टोबरात साडेसात लागतात, तर प्रोसेसर जुना झालेला नाही, कूलर बुजलेला आहे. पावसाळ्यात काउंटर बंद झालं की कॅबिनेट तिथे ताडपत्रीखाली ठेवू नका. घरी न्या, सिलिका जेलच्या पुड्या घालून जाड पिशवीत बांधा, आणि पुड्यांचा रंग बदलला की नव्या घाला.